कंप्रेसर गेला म्हणाले? थांबा, आधी मीटर लावून बघूया

एप्रिल-मेमध्ये ठाणे-नवी मुंबईत एसीवाल्याच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "कंप्रेसर गेला". एसी थंड करत नाही, मेकॅनिक येतो, खिडकीतून वाकून आऊटडोअरकडे बघतो, कान लावतो आणि पाच मिनिटांत निकाल देतो, आणि निकाल ऐकून घरातले लगेच नवीन एसीचे भाव बघायला लागतात. मी याच पट्ट्यात एसी दुरुस्तीचं काम करतो म्हणून सांगतो, कंप्रेसर गेला हे शेवटी म्हणायचं वाक्य आहे. त्याच्या आधी चार-पाच गोष्टी तपासायच्या असतात, त्यातल्या बऱ्याचशा काहीशे रुपयांत सुटतात, आणि त्या तपासल्या की नाही हे तुम्हाला मेकॅनिकच्या हातातल्या मीटरवरून, म्हणजे मल्टिमीटरवरून, कळू शकतं. मीटर बाहेरच काढला नसेल तर तो अंदाज आहे, तपासणी नाही, एवढं साधं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे वाचून स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन ग्रिलवर चढायचं नाही. तुम्हाला काय विचारायचं, काय बघायचं आणि कुठल्या आकड्याचा अर्थ काय हे कळावं यासाठी लिहितोय. ज्यांना विजेच्या कामाची सवय आहे त्यांनासुद्धा पुढे मध्ये मध्ये सावध केलंय, ते वगळून वाचू नका.

आता कंप्रेसर म्हणजे आहे तरी काय. आऊटडोअरमध्ये तो काळा, वेल्डिंग करून बंद केलेला डबा असतो, त्यात मोटर आणि पंप दोन्ही एकत्र, तेलही आत आणि गॅसही आत. उघडून दुरुस्त करायची सोय नाही, कापावा लागतो, म्हणून आतली मोटर जळाली की अख्खा डबा बदलायचा. पण या डब्यातून बाहेर फक्त तीन पिना येतात, आणि विजेच्या बाजूने आपल्याला जे काही कळायचं ते या तीन पिनांवरूनच कळतं. सी, एस आणि आर. सी म्हणजे कॉमन, एस म्हणजे स्टार्ट, आर म्हणजे रन. आत दोन वाइंडिंग, सी ते आर हे मुख्य वाइंडिंग, जाड तारेचं, आणि सी ते एस हे स्टार्टिंगचं, बारीक तारेचं.

दोन कशाला लागतात? घरात येणारी वीज सिंगल फेज. तिच्यावर एकच वाइंडिंग लावलं तर मोटरला मागे-पुढे ढकलणारा झटका मिळतो, गोल फिरवणारं बळ मिळतच नाही, मोटर जागच्या जागी गुणगुणत बसते. मग दुसरं वाइंडिंग लावतात आणि त्याच्या वाटेत कपॅसिटर बसवतात, कपॅसिटरमुळे त्या वाइंडिंगमधला करंट पहिल्यापेक्षा थोडा पुढे सरकतो, आणि दोघांच्या या वेळेच्या फरकातून फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बंद पडलेल्या रिक्षाला मागून एकाने धक्का द्यावा तसं हे काम आहे, फरक एवढाच की एसीच्या कंप्रेसरमध्ये धक्का देणारा रिक्षा सुरू झाल्यावरही सोडत नाही, कपॅसिटर पूर्ण वेळ सर्किटमध्येच असतो. म्हणून कपॅसिटर कमजोर झाला की सुरू व्हायला त्रास होतोच, पण सुरू झाल्यावरही मोटर जास्त करंट खाते आणि जास्त तापते. हे साध्या म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसीचं झालं. इन्व्हर्टरची गोष्ट पूर्ण वेगळी, ती पुढे.

आधी कान

एसी लावल्यावर साधारण तीन मिनिटं कंप्रेसर सुरूच होत नाही, तो वेळ मुद्दाम ठेवलेला असतो. कंप्रेसर बंद झाला की एका बाजूला गॅसचा दाब खूप आणि दुसरीकडे कमी अशी अवस्था असते, दोन्ही दाब सारखे व्हायला वेळ लागतो, त्या आधीच सुरू केला तर मोटरला तो दाब ढकलत उठावं लागतं आणि ती अडते. त्यामुळे लाईट गेली आली की लगेच स्टॅबिलायझर बायपास करून एसी चालू करणारे लोक कंप्रेसरचं आयुष्य स्वतःच कमी करतात. तर ती तीन मिनिटं जाऊ द्या आणि मग ऐका.

काहीच आवाज नाही, आऊटडोअरचा पंखाही फिरत नाही, तर वीज बाहेर पोचतच नाहीये, इनडोअरचा पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, त्यावरचा वीज जोडणारा-तोडणारा रिले, मधली वायर यांच्यात बघायचं, कंप्रेसरला हात लावायची गरजच नाही. पंखा फिरतोय पण कंप्रेसर गप्प, हे जास्त महत्त्वाचं. बऱ्याच नॉन-इन्व्हर्टर मशीनमध्ये दोघं एकाच रिलेवरून चालतात, म्हणजे पंखा फिरतोय तर वीज आऊटडोअरपर्यंत येतेय, आणि दोष त्याच्या पुढे आहे. तिसरा प्रकार, "हूंऽऽ" असा जड आवाज काही सेकंद, मग टक्, मग शांतता, मग थोड्या वेळाने परत तेच. म्हणजे मोटरला वीज मिळतेय, ती उठायचा प्रयत्न करतेय, उठत नाही, आणि तापून तिचं संरक्षण तिला तोडतंय. चौथा, चालू होतो, पंधरा-वीस मिनिटं थंड करतो, मग बंद. आणि पाचवा, कंप्रेसर लागायच्या क्षणी एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, खाली.

हे पाचही प्रकार ग्राहक फोनवर एकाच वाक्यात सांगतात, "एसी चालत नाहीये". त्यापेक्षा वरच्यातलं काय होतंय ते सांगा, मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो आणि तो बरोबर सामान घेऊन येतो.

व्होल्टेज, ज्याकडे कोणी बघत नाही

हूं करून टक् होणाऱ्या एसीत कपॅसिटरच्याही आधी मी व्होल्टेज बघतो. आपल्याकडे घरात साधारण २३० व्होल्ट धरतात. कंप्रेसर दहा टक्के इकडे-तिकडे सहन करतो, म्हणजे २०७ पर्यंत ठीक. पण त्या खाली गेलं की गंमत अशी की मोटरचं बळ व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतं. व्होल्टेज २० टक्के पडलं, १८४ झालं, तर उठायचं बळ २० टक्क्यांनी नाही कमी होत, ६४ टक्क्यांवर येतं, म्हणजे एक तृतीयांशपेक्षा जास्त गेलं. दुपारी ४० डिग्रीत गॅसचा दाब वाढलेला असताना तेवढ्या बळात कंप्रेसर उठत नाही. कंप्रेसर बिचारा ठणठणीत असतो.

आणि लोक फसतात कुठे, तर स्टॅबिलायझरवर २२५ दिसतंय म्हणून व्होल्टेज चांगलं आहे असं मानतात. तो आकडा कंप्रेसर बंद असतानाचा. दीड टनाचा साधा कंप्रेसर चालताना सात-आठ अँपिअर घेतो पण उठायच्या क्षणी ३५-४० अँपिअर खेचतो, आणि त्या क्षणी व्होल्टेज किती पडतं ते मोजायचं असतं, तेही आऊटडोअरच्या टर्मिनलवर. नौपाड्याच्या जुन्या बिल्डिंगा घ्या किंवा वाशी-नेरूळमधली सिडकोची जुनी घरं, तिथली वायरिंग टाकली तेव्हा घरोघरी एसी नव्हते. बेडरूमच्या प्लगला दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची वायर आणि त्यावर दीड टनाचा एसी. हिशोब करून बघा, बोर्डापासून एसीपर्यंत २० मीटर अंतर, जाऊन-येऊन ४० मीटर तार, दीड स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेत ४० अँपिअरला साधारण १९ व्होल्ट वाटेतच संपतात. तिथे चार स्क्वेअरची वायर असती तर सातेक व्होल्ट गेले असते. वर सोसायटीत संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू, घराच्या वीज मीटरपर्यंत येतानाच २१० आलंय, मग कंप्रेसरला मिळणार किती.

वायर बरोबर असली तरी प्लग टॉप आणि सॉकेट बघाच. सोळा अँपिअरचा प्लग काढून पिना बघा, एक पिन काळी-तपकिरी पडलेली आणि सॉकेटचं प्लास्टिक त्या बाजूने पिवळं झालेलं असेल तर तिथे सैल जोड आहे. माझ्या मते एसी प्लगवर लावूच नये, स्वतंत्र एमसीबीवरून सरळ वायर न्यावी, पण भाड्याच्या घरात कोण ऐकतो.

कपॅसिटर

आऊटडोअरचं झाकण काढलं की ॲल्युमिनियमचा गोल डबा दिसतो, त्यावर लिहिलेलं असतं ४५ एमएफडी (मायक्रोफॅरड, कपॅसिटरच्या क्षमतेचं माप), ±५%, ४४० व्होल्ट वगैरे. दीड टनाला साधारण ३५ ते ५० मधला काहीतरी आकडा असतो, मॉडेलप्रमाणे. याचं डोकं सपाट असलं पाहिजे. फुगलं असेल, किंवा खालून तेलकट पाझर असेल, तर मोजायचीही गरज नाही, बदला. पण सपाट आहे म्हणजे चांगला आहे असंही नाही, आणि इथेच आळस होतो. मीटरवर मोजला तर ४५ चा डबा ३८ दाखवतो, दिसायला अगदी नवा. पाच टक्के सूट धरून पावणेत्रेचाळीसच्या खाली आला की तो गेलाच समजायचा.

मोजायच्या आधी डिस्चार्ज करायचा, कारण मेन बंद केलं तरी त्यात चार्ज राहतो आणि चांगला झटका बसतो. बरेच जण स्क्रू ड्रायव्हरने दोन टर्मिनल टेकवून ठिणगी काढतात, मर्दानी वाटतं, पण त्याने कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यात ठिणगी जायची भीती. वीस हजार ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी काही सेकंद जोडून ठेवला की शांतपणे रिकामा होतो.

आणि एक, "४५ नाहीये, ५० लावून देतो, जास्त ताकद मिळेल" हे ऐकलं तर नको म्हणा. जास्त एमएफडी म्हणजे स्टार्टिंगच्या बारीक वाइंडिंगमधून कायम जास्त करंट, आज चालेल, पण ते वाइंडिंग रोज तापत राहणार. एमएफडी कंपनीने लिहिलंय तेवढाच, व्होल्टचा आकडा मात्र जास्त चालतो, कमी चालत नाही.

तीन पिना, तीन आकडे

आता मुख्य भाग. मेन बंद, एमसीबी खाली, कपॅसिटर रिकामा, आणि मग कंप्रेसरच्या डोक्यावरची टोपी काढायची. तीन वायरी, कुठली कुठे होती त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून मगच काढायच्या. इथेच निम्म्या वेळा उत्तर सापडतं. सी च्या पिनेवरचा लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा, काळा पडलेला, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं, हात लावला तर वायर लगसकट सुटून हातात येते. वीज पिनेपर्यंत पोचतच नव्हती किंवा अर्धवट पोचत होती. ऐरोली, वाशी, सीवूड्स या खाडीकाठच्या भागात हे जास्त दिसतं, खारी दमट हवा जोडांना हिरवट गंज चढवते, जोड सैल होतो, सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो. पिना स्वच्छ, नवीन लग नीट क्रिम्प केला, संपलं काम.

जोड चांगले असतील तर मीटर ओहमवर ठेवायचा. आधी मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून किती येतं बघायचं, ०.३ आलं तर प्रत्येक मापातून तेवढं वजा, कारण इथे आपण दोन-तीन ओहम मोजतोय, तिथे ०.३ खूप मोठं असतं. मग तिन्ही जोड्या मोजायच्या. समजा आलं असं: सी-आर १.८, सी-एस ३.२, एस-आर ५.०. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याएवढी आली. वाइंडिंग अखंड आहे. पिनांवर अक्षरं पुसलेली असतील तरी याच आकड्यांवरून कळतं, ज्या दोन पिनांमध्ये सगळ्यात मोठा आकडा ते एस आणि आर, उरलेली सी, आणि सी पासून कमी आकडा दाखवणारी आर. प्रत्येक कंप्रेसरचे आकडे वेगळे, पण बेरीज जुळलीच पाहिजे.

सी-आर उघडं म्हणजे मीटर काहीच दाखवत नाही आणि सी-एस मात्र ठीक, तर रन वाइंडिंग तुटलं, कंप्रेसर खरंच गेला. उलटं असेल तर स्टार्ट गेलं. दोन्हीतही वाद नाही.

पण एक तिसरी अवस्था आहे आणि माझ्या अंदाजाने सगळ्यात जास्त चांगले कंप्रेसर याच अवस्थेत भंगारात जातात. सी-आर उघडं, सी-एस पण उघडं, आणि एस-आर मात्र व्यवस्थित ५.० दाखवतंय. नीट विचार करा, एस पासून आर पर्यंत जायचं तर दोन्ही वाइंडिंगमधून जावं लागतं. तो आकडा बरोबर येतोय म्हणजे दोन्ही वाइंडिंग चांगली आहेत. तुटलंय ते सी च्या वाटेवर. आणि सी च्या वाटेवर आत बसलेलं असतं ओव्हरलोड, आपण ज्याला ओएलपी म्हणतो, दोन धातूंची पट्टी, जास्त तापली की वाकून सर्किट तोडते आणि थंड झाली की परत जुळते. म्हणजे कंप्रेसर फक्त तापलाय. काही कंप्रेसरना हेच ओएलपी बाहेर टोपीखाली असतं, तिथे ते वेगळं काढून मोजता येतं आणि खराब असेल तर थोडक्यात बदलता येतं. आतलं असेल तर एकच उपाय, थांबणं.

घणसोलीला एका घरी असंच झालं होतं, दुपारी चार वाजता, आधीचा माणूस कंप्रेसरचा भाव सांगून गेलेला. डब्याला हात लावून बघितला, टेकवत नव्हता. मी म्हटलं, "काकू, दोन-तीन तास मेन बंद ठेवा, मी रात्री येतो." काकू वैतागल्या, "अरे पण गेलाय का नाही ते सांग ना बाबा, ह्यांना ऑफिसात फोन करायचाय." "तापलाय. गेलाय का नाही ते थंड झाल्यावर सांगतो." रात्री मोजलं तर सी-आर, सी-एस दोन्ही आकडे हजर. मग तापला का, हे शोधलं तर आऊटडोअरचा पंखा फिरत होता पण रडत रडत, त्याचा छोटा कपॅसिटर, चार एमएफडीचा, दीडवर आलेला. हवा खेचलीच जात नव्हती. छोटा कपॅसिटर बदलला, काकूंनी ताक दिलं, आणि कंप्रेसर तोच चालतोय.

घाई असेल तर टोपी घट्ट लावून, मेन पूर्ण बंद ठेवून ओलं फडकं डब्यावर टाकतात, लवकर थंड होतो. पण आतल्या जाड तांब्याला आणि तेलाला थंड व्हायला वेळ लागतोच, अर्ध्या तासात परत मोजून "बघा उघडंच आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पूर्ण थंड झाल्यावरही, म्हणजे रात्रभर ठेवूनही सी उघडंच दाखवत असेल तर मात्र आतलं ओव्हरलोड किंवा सी चा जोड कायमचा गेला, आणि तो बदलता येत नाही.

इथेच चालू होऊन पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या एसीचंही उत्तर आहे. दोष विजेचा दिसतो पण मूळ उष्णतेत असतं. कॉइल धुळीने भरलेली, पंखा मंद, किंवा गॅस कमी, कारण आतून फिरणारा गॅसच मोटरला गार ठेवतो, गॅस कमी झाला की मोटरची कूलिंग गेली. आणि घोडबंदरच्या टॉवरांमध्ये तर आऊटडोअर डक्टमध्ये, एकावर एक, वीस मजल्यांचे, खालच्याची गरम हवा वरच्याच्या नाकात. ड्राय बाल्कनीत आऊटडोअर ठेवून पुढे स्लायडिंग काच बंद करणारेही बघितलेत. त्या एसीला कितीही कंप्रेसर बदला, टिकणार नाही.

एमसीबी पडतोय

कंप्रेसर लागताच त्याच क्षणी एमसीबी पडत असेल तर बहुतेक शॉर्ट किंवा अर्थिंग, म्हणजे वीज बॉडीला लागलेली. अडलेला कंप्रेसर ४० अँपिअर खेचतो, पण २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला पाचपट ते दहापट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. ४० ला तो काही सेकंद सहन करतो, आणि त्या आधी ओव्हरलोडच तोडतो. म्हणून झटक्यात पडला तर करंट खूप मोठा आहे, मोटर अडल्याचा तो प्रकार नाही. आरसीसीबी पडत असेल, ज्याला लोक ईएलसीबी म्हणतात, तर तो ३० मिलीअँपिअर गळतीला पडतो, तेवढी गळती पावसात भिजलेल्या जोडातूनही होते.

आता गळती कंप्रेसरची का दुसऱ्याची हे ओळखायची सोपी रीत, मेन बंद करून कंप्रेसरच्या तिन्ही वायरी काढायच्या, टोकं वेगवेगळी नीट टेप करायची, टोपी परत लावायची, आणि मग चालू करायचं. तरीही पडला तर कंप्रेसर निर्दोष, पंख्याची मोटर, मधली वायर, भिंतीतल्या भोकात घासलेलं इन्सुलेशन हे बघा. जून-जुलैत इनडोअर-आऊटडोअरमधल्या वायरीला मध्येच मारलेला जोड आणि त्यावरची टेप भिजलेली, हे इतकं दिसतं की मी आधी तेच शोधतो.

कंप्रेसरच निघाला तर पिनेपासून तांब्याच्या पाइपापर्यंत मोजायचं, पाइप म्हणजे बॉडी, रंग खरवडून काडी टेकवायची. साध्या मल्टिमीटरवर काही ओहम किंवा किलोओहम आले तर वाइंडिंग बॉडीला लागलंय, कंप्रेसर गेला. काहीच नाही आलं तरी शंका असेल तर मेगर लावतात, तो ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासतो, कारण मल्टिमीटरच्या अगदी कमी व्होल्टला जी गळती दिसत नाही ती तिथे दिसते. चांगल्या कंप्रेसरला कित्येक मेगाओहम येतात, एकच्या खाली आलं तर काळजी. फक्त सिस्टिम व्हॅक्युमवर, म्हणजे आतली हवा-गॅस खेचून काढलेली असताना मेगर लावायचा नाही, आत ठिणगी पडून चांगलं वाइंडिंग जळतं.

आणि हे लक्षात ठेवा, एमसीबी पाडणारा कंप्रेसर "परत एकदा टाकून बघू" म्हणून टोपी उघडी ठेवून चालू करायचा नाही. आतून शॉर्ट झालेल्या कंप्रेसरची पिन दाबाने बंदुकीसारखी बाहेर उडू शकते, मागोमाग तेल आणि गॅसचा फवारा, आणि ठिणगी असेल तर पेट घेतो. आर-३२ आणि आर-२९० हे गॅस पेटणारे आहेत, दुसरा तर स्वयंपाकाच्या गॅसमधलाच प्रोपेन. टोपीसाठी दिलेली ती एक स्प्रिंग किंवा नट गंमत म्हणून दिलेली नाही.

सगळं बरोबर, तरी उठत नाही

वाइंडिंगची बेरीज जुळली, बॉडीला गळती नाही, कपॅसिटर नवा, चालू होताना टर्मिनलवर २१५ व्होल्ट आहेत, आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) ४० अँपिअर दाखवून टक् होतंय, तर मग पंप जाम आहे. तेल कमी झालं, काहीतरी अडकलं, बेअरिंग घासली. हार्ड स्टार्ट किट म्हणून एक मिळतं, सुरुवातीला क्षणभर जास्त मोठा धक्का देतं, कधी कधी अडलेला सुटतो. पण ते जाम कंप्रेसरचं औषध म्हणून कायमचं लावून ठेवणं मला पटत नाही, तो मोसम काढेल एवढंच. आणि एक चकवा, वाइंडिंगचे काही वेढे आपसात शॉर्ट झाले तर ओहममध्ये फरक इतका किरकोळ पडतो की मल्टिमीटर पकडत नाही, तिथे क्लॅम्प मीटरवर चालू करंट स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त दिसतो.

इन्व्हर्टर एसी

वरचं सी-एस-आर इथे विसरायचं. इन्व्हर्टरचा कंप्रेसर तीन फेजचा असतो, पिना यू, व्ही, डब्ल्यू, आणि बाहेरून रन कपॅसिटर नाहीच. आऊटडोअरमधला पीसीबी आधी विजेचं डीसी करतो, ३०० व्होल्टच्या वर, आणि मग त्यातून हवी तशी तीन फेज तयार करून मोटर फिरवतो. तिन्ही पिनांमधले आकडे इथे सारखे यायला हवेत, साधारण एखाद-दोन ओहमच्या आसपास, तिन्ही जोड्या एकसारख्या, आणि बॉडीला काही नाही. तसं असेल तर वाइंडिंगवर संशय घ्यायचं कारण नाही, मग पीसीबी, त्यावरचा मोटरला वीज देणारा आयपीएम मॉड्यूल, सेन्सर आणि मधले कनेक्टर.

एसीवर एरर कोड आला म्हणून मेकॅनिक कंप्रेसरचा भाव सांगतो तिथे हे तीन आकडे मागा. कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि "कंप्रेसर एरर" याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की पीसीबीला कंप्रेसर फिरवता आला नाही, दोष कुणाचा ते त्यात नसतं. खाडीची हवा, रबाळे-महापेकडचे धूर, आणि पीसीबीच्या उबेला येऊन बसणारी पाल, या तिघांनी मिळून आमचा मोसम चालतो म्हटलं तरी चालेल. पाल रिलेच्या पायांवर आडवी पडून जळालेली सापडते, वास आधी येतो.

इन्व्हर्टरच्या पीसीबीवरचे मोठे कपॅसिटर मेन बंद केल्यावरही काही मिनिटं ३०० च्या वर व्होल्ट धरून असतात, त्यामुळे घरच्या घरी उघडायचा विषयच नाही.

खरंच गेला असेल तर

आकडे लिहून घ्या, म्हणजे सी-आर, सी-एस, एस-आर, बॉडी, चालू होतानाचं व्होल्टेज, कपॅसिटरचं माप. कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर. जो माणूस हे सहज देतो त्याचा निकाल बहुतेक बरोबरच असतो. मग बिल शोधा, कंप्रेसरची वॉरंटी एसीच्या वॉरंटीपेक्षा बरीच लांब असते, पाच किंवा दहा वर्षं असं सर्रास दिसतं, आणि लोक एसीची एक वर्षाची संपली म्हणजे सगळंच संपलं समजून बाहेर पैसे भरतात. फक्त त्यात डबा फुकट मिळतो, गॅस, ब्रेझिंग (पाइपांची झाळणी) आणि मजुरी बऱ्याचदा वेगळी, ते आधी विचारा. एसी जुना, आर-२२ या जुन्या गॅसवरचा असेल आणि कॉइलही गंजलेली असेल तर मी स्वतः कंप्रेसर टाकायचा सल्ला देत नाही.

बदलायचंच ठरलं तर जुना का जळाला ते शोधून मगच नवा लावा. वाइंडिंग जळताना तेलात आम्ल तयार होतं, जुनं तेल काळं आणि उग्र जळक्या वासाचं असेल तर पाइप नायट्रोजनने साफ केल्याशिवाय आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा फिल्टर) बदलल्याशिवाय नवा डबा लावू देऊ नका, नाहीतर तेच आम्ल नव्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खायला लागतं. आणि कपॅसिटर नवीनच घ्या, जुना चांगला दाखवत असला तरी, आणि त्याचा एमएफडी जुन्या डब्यावरून नाही तर नवीन कंप्रेसरच्या स्टिकरवरून किंवा त्याच्या कागदावरून बघा, कारण बाजारात मिळतो तो कंप्रेसर दरवेळी त्याच मॉडेलचा असतोच असं नाही.